चार बोल्टांपुरती जागा

मी एक जुना वाईस आहे, मित्रांनो. मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या टेबलावर जो जड लोखंडी चिमटा बसवलेला असतो, तो मी. मला दोन जबडे आहेत, मधून जाणारा आट्यांचा जाड दांडा आहे आणि तो फिरवायला एक आडवी मूठ आहे. मिस्त्री गाडीचा भाग माझ्या जबड्यात देतो, मूठ आवळतो आणि मग दोन्ही हातांनी त्यावर कानस चालवतो. माझ्या पायाला चार भोकं आहेत. त्यांतून चार बोल्ट खाली लाकडात घट्ट बसले तरच मी वाईस. नाहीतर मी नुसता अठरा किलोचा लोखंडाचा गोळा.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका छोट्या भट्टीत झाला. काळ्या वाळूच्या साच्यात मला ओतलं, थंड झाल्यावर घासून पुसून दुकानात मांडलं. तिथून मला हरीने घेतलं. हरी चंदगडच्या बाजूचा. तेव्हा तो विशीतला होता आणि कोल्हापुरात एका गॅरेजात काम शिकत होता. माझ्या पाठीवर त्याने छिन्नीने ‘ह’ कोरला, मला गोणपाटात गुंडाळलं आणि एसटीच्या सीटखाली ढकललं. आंबोलीचा घाट उतरून आम्ही गोव्यात आलो. गोवा मुक्त होऊन दहा वर्षं झाली होती. डिचोलीच्या खाणींवर ट्रकांची रांग होती आणि ट्रक दुरुस्त करणारे हात कमी होते.

सुर्ल्याला गोकुळदास शेट नावाच्या मालकाचे चार ट्रक खनिज वाहायचे. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला फणसाच्या जाड फळीवर चार बोल्टांनी बसवलं. शेडच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली होती. ती हरीची. सगळं लाल होतं तिथे: रस्ता, झाडं, हरीचे कपडे, मीसुद्धा. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक बंद व्हायची आणि आमचं खरं काम सुरू व्हायचं. गावोगावचे ट्रक शेडसमोर उभे राहायचे. स्प्रिंगचे पाटे, गिअरचे दांडे, ब्रेकचे भाग, सगळं माझ्या जबड्यातून जायचं. गोव्यात कारागिराला ‘मेस्त’ म्हणतात. “हरी मेस्तान धरलें तें वांकडें वचना,” म्हणजे वाकडं जाणार नाही, असं ड्रायव्हर म्हणायचे. त्यातला थोडा मान माझाही होता, असं मी समजत असे.

मग हरीचं लग्न झालं आणि गंगा आली. ती कमी बोलायची. महिनाभराने एका सकाळी मागच्या खोलीतून भांडी पडल्याचा आवाज आला. हरीला वाटलं, मांजर असेल. हातातलं काम संपवून तो आत गेला. गंगा चुलीपाशी पडली होती, अंग आखडलं होतं आणि डावा हात निखाऱ्यात होता.

दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधलेली गंगा शेडमध्ये आली आणि माझ्याजवळ उभी राहिली.

“मला आधीपासून फिट येत्यात,” ती म्हणाली. “दादानं लग्नाआधी सांगू दिलं न्हाई. सांगितलं आसतं तर कुणी पसंत केलं नसतं. तुमाला सोडायचं आसंल तर सोडा.”

हरीने माझी मूठ सैल केली, आवळली, पुन्हा सैल केली. “सोडायचं काय त्यात,” तो म्हणाला. “मधली भिंत फोडतो. खिडकी करतो.”

त्यासाठी त्याने गोकुळदास शेटना विचारलं, आणि कारणही सांगितलं. शेट लगेच म्हणाले, “फोड रे मेस्त. भिंत मागीर बांदूंक मेळता.” दुपारपर्यंत माझ्या बरोबर समोर खिडकी झाली. तिकडे गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात. त्या जनेलातून मला गंगाची चूल दिसायची. हरी काम करता करता हाक मारायचा, “गंगे?” आतून उत्तर यायचं, “हाय.” उत्तर आलं नाही तर तो हातातला पाना तिथेच टाकून धावायचा. म्हापशाच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. पण बारा वर्षांत गंगाला पुन्हा भाजलं नाही. योगिता जन्मली, रांगली, शाळेत जाऊ लागली. ते घर माझ्यासमोर चाललं होतं, आणि त्या घराचं चालणं एका खिडकीवर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

गोकुळदास शेट वारले. त्यांच्या मुलांना ट्रकांत रस नव्हता. ट्रक विकले गेले. खाणीतल्या मातीचा ढीग सरकत सरकत शेडच्या मागे आला होता, तो आणखी पुढे येणार होता. मोठा मुलगा स्वतः सांगायला आला. नीटच बोलला. “पावसापयलीं खाली कर मेस्त. आमचोय इलाज ना.” हरीने माझे चार बोल्ट काढले. त्यांतल्या दोन बोल्टांचे आटे गेले होते. ते तिथेच राहिले.

डिचोलीत त्यांनी एक खोली भाड्याने घेतली आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एका गाळ्यात हरी काम करू लागला. आता हाक ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून नऊ वर्षांच्या योगिताला घरी आईजवळ बसवलं. पंधरा दिवसांनी शाळेच्या बाई गाळ्यावर आल्या.

“मुलगी हुशार आहे. का पाठवत नाही?”

“पाठवतो बाई,” हरी म्हणाला. “जागा मिळाली की पाठवतो.”

जागा म्हणजे एकच हवं होतं: पुढे गॅरेज, मागे घर, मधे एक भिंत. मित्रांनो, हे मागणं फार मोठं आहे असं मला वाटलं नव्हतं.

हरीचा एक मित्र होता, सगुण. आधी शेटच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, आता स्वतःचा जुना टेम्पो चालवायचा. त्याने टेम्पोच्या मागच्या फाळक्याजवळ एक फळी ठोकली आणि उरलेल्या दोन बोल्टांनी मला तिच्यावर बसवलं. वाटेत बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि त्याच फेरीत घर शोधायचं, असं ठरलं. पुढे सगुण आणि हरी, मागे माझ्याशेजारी गंगा आणि योगिता. म्हणून त्या दीड वर्षात जितकी दारं हरीने ठोठावली, तितकी मी पाहिली.

पहिलं घर डिचोलीच्या बाहेर, कृष्णनाथ नावाच्या शेतकऱ्याचं. रिकामं घर, रस्त्यालगत मोठं अंगण, आंब्याची सावली. कृष्णनाथांनी चावी आणून दार उघडलं. त्यांच्या बायकोने, सुलोचनाबाईंनी, टेम्पोत बसलेल्या मायलेकींना पाणी आणि गूळ आणून दिला. सगळं जमलं असं वाटत होतं. मग हरी गॅरेजचं बोलला.

“घर दितां मी,” कृष्णनाथ म्हणाले. “पण गॅरेज नाका. ही बांय पळय.” बांय म्हणजे विहीर. ती अंगणाच्या कडेलाच होती. “तेल झिरपता. तीन घरां हेंच उदक पितात.”

“तेल मी पिंपात धरतो. थेंब सांडू देणार नाही.”

“तशें सगळेच म्हणटात. तूं घर हांगा घे, गॅरेज बाजारांत घाल. लोक तशेंच करतात न्हय?”

“एकाच ठिकाणी पाहिजे मला.”

“कित्याक?” म्हणजे कशाला.

हरीने टेम्पोकडे पाहिलं. गंगा पदराने गुळाचा हात पुसत होती. “तसंच बरं पडतं,” तो म्हणाला.

कृष्णनाथांच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा तिथेच गेला. हा माणूस काहीतरी लपवतो आहे, हे त्यांना कळलं. काय लपवतो आहे, ते कळलं नाही. त्यांनी चावी कनवटीला लावली.

परतताना सगुण म्हणाला, “सांग मरे खरें तें. मनशांक काळीज आसता.”

“काळीज असतं,” हरी म्हणाला. “म्हणून हळहळतील. पण फिटीचं माणूस घरात नको म्हणतील. विहिरीशेजारी तर नकोच.”

गंगाने हे ऐकलं.

पेडण्याच्या रस्त्यावर एक घर मिळत होतं. तिथला मालक विहिरीचं बोलला नाही, कायद्याचं बोलला. गोव्यात दुसऱ्याच्या जमिनीवर वर्षानुवर्षं घर करून राहणाऱ्या गरिबाला मुंडकार म्हणतात, आणि त्याला उठवता येऊ नये असा कायदा झाला होता. कायदा चांगला होता. पण जमीनवाले तेव्हापासून इतके धसकले होते की परक्या माणसाला ओसरीवर बसवायलाही ते बिचकत. “आज तूं भाडेकार,” तो मालक म्हणाला, “फाल्यां म्हणशी मुंडकार. आनी तूं घाटावयलो. तुका आमी खंय सोदप?” घाटावरच्या माणसाला नंतर शोधायचं कुठे, असं त्याचं म्हणणं. हरी पंधरा वर्षं गोव्यात होता. योगिता गोव्यातच जन्मली होती.

एका घरमालकाला हातोड्याचा आवाज नको होता, एकाच्या अंगणात देवीची पालखी थांबायची. एकाने होकार दिला आणि आठ दिवसांनी मेव्हण्याकडून नकार कळवला. तेरेखोलला तर मालकाने आनंदाने सगळं देऊ केलं. नदीसमोर मोठी पडवी, मागे दोन खोल्या, भाडंही बेताचं. हरी सकाळपासून दुपारपर्यंत त्या पडवीत बसून राहिला. किल्ल्याखालच्या त्या रस्त्यावरून दोन स्कूटर गेल्या आणि एक सायकल. “हंय गाड्यो येवपाच्यो ना,” सगुण म्हणाला. मालकालाही ते माहीत होतं. तो खिन्नपणे हसला आणि त्याने सर्वांना सोलकढी पाजली.

त्या हिवाळ्यात भाषेवरून गोवा तापला होता. कोकणी की मराठी, यावर रस्त्यात झाडं आडवी पडायची आणि आमचा टेम्पो तासन्‌तास अडकायचा. अशाच एका अडकलेल्या दिवशी हळर्णजवळ आम्ही एका घरासमोर थांबलो. ऊन चढलं होतं. गंगा खाली उतरली आणि उतरता उतरताच तिला फिट आली. घरातून एक म्हातारी बाई बाहेर आली. तिने आरडाओरडा केला नाही. खाली बसून तिने गंगाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपल्या लुगड्याचा पदर दुमडून दिला आणि वाट पाहिली. तिचं नाव विनोदिनी. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, कानांनी अगदी कमी ऐकू यायचं.

गंगा सावध झाल्यावर हरी तिच्याजवळ बसून रडला. मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहत होतो. इतक्या दारांवर त्याने जे सांगितलं नव्हतं, ते सगळं त्याने त्या बहिऱ्या बाईला मोठमोठ्याने सांगितलं. रस्त्यावर अडकलेल्या चार माणसांनीही ते ऐकलं.

“गोठो रिकामो आसा,” विनोदिनीकाकी म्हणाल्या. “म्हस विकली. तुका कितें ठोकपाचें तें ठोक. माका आयकूंच येना.”

जवळजवळ दोन वर्षं आम्ही तिथे होतो. गोठ्याला कुडाची भिंत होती, ती हरीने जनेलाएवढी कापली. मला पुन्हा चार बोल्ट मिळाले. योगिता शाळेत जाऊ लागली, मागे पडलेलं वर्ष भरून काढू लागली. सकाळी पोदेर पाव घेऊन यायचा, तेव्हा काकी गंगाला हाताला धरून पायरीवर बसवायच्या आणि दोघी एकमेकींशी बोलायच्या. एकीला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला बोलायची सवय नव्हती, तरी त्यांचं बोलणं लांबायचं. गोवा राज्य झालं, तेव्हा योगिताने घरी येऊन विचारलं, “बाबा, आपण गोव्याचे ना?” हरी एका स्कूटरचा कार्बोरेटर उघडत होता. “इथनं कुणी उठवलं न्हाई तर गोव्याचेच,” तो म्हणाला. मला ते उत्तर आवडलं नाही, पण ते बरोबर होतं.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात काकी पायरीवरून घसरल्या आणि त्यांच्या कंबरेचं हाड मोडलं. त्यांचा पुतण्या शंभू म्हापशाहून आला आणि त्यांना घेऊन गेला. जाताना काकी त्याला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, “मेस्ताक उठय नाका हां. तिका बरें ना.” तो मान हलवत होता.

महिन्याने शंभू एकटाच आला. “मी वायट मनीस न्हय, मेस्त,” तो म्हणाला. “पण हें एकूच घर आसा. माका दोन चेडवां. फाल्यां तुमी हंयच रावल्यात जाल्यार माका कोर्टाच्यो पायऱ्यो चडच्यो पडटल्यो.” दोन मुलींचा बाप होता तो.

हरीने त्याला गंगाचं सगळं सांगितलं. या वेळी काही लपवलं नाही. शंभूने खाली मान घालून ऐकून घेतलं. “म्हणून तर माकाय भंय दिसता,” तो हळू म्हणाला. “कितें जालें जाल्यार?” आणि त्याने दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

आम्ही डिचोलीला परत आलो, पुन्हा एका खोलीत. हरीने बसच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरली, सहा मैलांवर. तिथे त्यांचे वाईस होते, माझी गरज नव्हती. मला खाटेखाली ठेवलं. सगुण अजून कुठे कुठे जागा पाहून यायचा, पण सांगताना त्याचा आवाज आधीच पडलेला असायचा. योगिता सातवीत होती. एक दिवस शाळा, एक दिवस घर, असं ती करायची.

वार्षिक परीक्षेच्या पहिल्या दिवशी ती दप्तर घेऊन दारात उभी राहिली. हरी कामावर गेला होता.

“मी नाही जात,” ती म्हणाली. “उद्यापासून जाते.”

“आज गणिताचा हाय न्हवं? जा तू.” गंगा खाटेवर बसली होती. “ही बघ, मी चूल पेटवतच न्हाई. तू येस्तवर इथनं उठत न्हाई. शपथ.”

योगिता गेली. गंगाने चूल पेटवली नाही. खूप वेळ ती हात मांडीवर ठेवून तशीच बसून होती. नंतर ऊन खोलीत आलं. तिला घाम फुटला. तोंडावर पाणी मारायला ती न्हाणीच्या कोपऱ्यात गेली आणि भरलेल्या बालदीवर वाकली. मी खाटेखालून पाहत होतो. मित्रांनो, पुढचं मी तुम्हाला सांगत नाही. मी लोखंड आहे, मला हलता येत नाही. एवढंच सांगतो की हाक मारायला तिथे कोणी नव्हतं.

पेपर चांगला गेला, हे सांगायला योगिता पळत आली होती.

दोन महिन्यांनी सगुण आला. दारातूनच बोलू लागला आणि मग त्याचंच त्याला अवघड झालं. पण बातमी त्याच्या तोंडावर होती, ती त्याला गिळता येईना. साखळीला जाणाऱ्या रस्त्यावर जागा होती. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या. मालक स्वतः म्हणत होता, गॅरेज घाला.

हरी खाटेवर बसला होता. “आता कशाला रे एका ठिकाणी?” तो म्हणाला. “आता मला कुठंबी चालतंय. घर एकीकडं, गॅरेज दहा मैलांवर, तरी चालतंय.”

सगुण त्याच्याशेजारी बसला. दोघांनी चहा घेतला. त्यानंतर सगुणने जागा शोधल्या नाहीत. हरी वर्कशॉपातच राहिला. योगिता आठवीत गेली. दसऱ्याला तिने मला बाहेर ओढलं, रॉकेलने पुसलं, हळदकुंकू लावलं आणि परत आत सरकवलं. माझे आटे आता फिरत नाहीत.

अशा कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. माझं तसं मागणं नाही. गंज घासला की निघतो. मी दुसरंच मागतो. उद्या तुमच्या दाराशी कोणी जागा मागायला आलं आणि ‘कशाला?’ या प्रश्नावर अडखळलं, तर चावी कनवटीला लावू नका. त्याला बसवा आणि दुसऱ्यांदा विचारा. मागणारे तुम्ही असाल, तर खरं सांगा. हे मी फार आशेने म्हणत नाही. हरीने कृष्णनाथांपासून लपवलं आणि शंभूला सांगितलं, दोन्ही वेळा दार बंदच झालं. पण कृष्णनाथांच्या अंगणात त्याने सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे त्याला कधीच कळणार नाही, आणि तोच विचार घेऊन तो रोज जेवायला बसतो.

संध्याकाळी तो कामावरून येतो. योगिता शिकवणीला गेलेली असते. खोलीत कोणी नसतं. तरी तो बाहेरच चपला काढतो आणि आत झोपलेलं माणूस जागं होऊ नये, अशा बेताने दार लोटतो.